मराठवाडा फक्त एप्रिलमध्येच असतो का?

मार्च उलटला की मुंबई-पुण्याहून वार्ताहरांच्या गाड्या मराठवाड्याकडे निघतात. काय टिपायचं ते निघतानाच ठरलेलं असतं. तडे गेलेली जमीन, विहिरीच्या तळाला उतरलेली पोर, टँकरभोवती लागलेली घागरींची रांग, बांधावर कपाळाला हात लावून बसलेला म्हातारा. यातलं काहीच खोटं नसतं. पोर खरीच विहिरीत उतरलेली असते आणि टँकर खराच चार दिवसांनी आलेला असतो. पण मृगाचा पाऊस पडला की गाड्या माघारी जातात, आणि उरलेलं वर्षभर वाचकाच्या डोक्यात मराठवाडा तसाच तडकलेला राहतो.

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. ते दृश्य देशभर पोचलं आणि लातूर म्हणजे रेल्वेने पाणी पिणारं शहर हे समीकरण कायमचं पक्कं झालं. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण त्याच वर्षी पावसाळा सरता सरता भरलं. कोरड्या धरणाचे फोटो जगभर गेले होते. भरलेल्या धरणाचे लातूरकरांच्या मोबाइलमध्येच राहिले.

‘दुष्काळी’ हे विशेषण मराठवाड्याला कुणी खोटेपणाने चिकटवलेलं नाही. तक्रार वेगळी आहे. एका ऋतूचं सत्य बारा महिन्यांवर पसरवलं गेलं आणि काही तालुक्यांचं आठ जिल्ह्यांवर. किनवट-माहूरच्या सागवानी जंगलात आणि आष्टी-पाटोद्याच्या माळावर सारखा पाऊस पडत नाही, एवढी साधी गोष्टही या शिक्क्याखाली दिसेनाशी होते. आणि हा शिक्का परिसंवादांनी किंवा पर्यटन खात्याच्या गुळगुळीत जाहिरातींनी पुसला जाईल असं मला वाटत नाही. त्यासाठी उरलेल्या महाराष्ट्राने तिकडे जायला हवं, आणि एप्रिल सोडून जायला हवं.

पावसाचाच हिशेब घ्या. पुणे शहरात वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. मराठवाड्याची सरासरी त्याच घरातली आहे. तरी पुण्याला कुणी दुष्काळी म्हणत नाही, कारण पुण्याच्या डोक्यावर सह्याद्री आहे आणि त्याच्या कुशीत पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला आहेत. मराठवाडा त्याच सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. त्याचं सगळ्यात मोठं धरण, पैठणचं जायकवाडी, वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून काय खाली येतं त्यावर अवलंबून. वरून पाणी सोडायचं की नाही यावरून दर काही वर्षांनी वाद कोर्टापर्यंत जातो. म्हणजे कोरडेपण आभाळातून जेवढं पडतं तेवढंच ते नकाशावर आणि मंत्रालयातही ठरतं. मराठवाड्याच्या आतही ठरतं: पाणी नाही म्हणून ओरडणाऱ्या पट्ट्यात साखर कारखाने आणि ऊस वाढत गेले, त्याचं खापर पुण्यावर फोडता येणार नाही. पण हे सगळं माणसांनी घेतलेल्या निर्णयांचं फळ आहे. ‘दुष्काळी मुलूख’ म्हटलं की ते निर्णय बाजूला राहतात आणि दोष मातीच्या नशिबाला जातो.

या मातीत पूर्वी काय होतं हे पाहायला नळदुर्गला जावं. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की तासाभरात येतं. बोरी नदी वळवून किल्ल्यात घेतली आहे आणि किल्ला व शेजारचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांना जोडणारी भिंत हीच धरण आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३च्या सुमारास हे काम झालं. भिंतीची उंची सुमारे ९० फूट. पण खरी गंमत भिंतीच्या पोटात आहे. वरून दगडी पायऱ्या उतरत जायचं. मध्ये अंधार, वटवाघळांचा वास, हाताला लागणारा गार चुना, आणि मग एकदम नक्षीच्या कमानींचा सज्जा. हा पाणीमहाल. पावसाळ्यात जलाशय भरला की भिंतीवरच्या दोन सांडव्यांतून पाणी कोसळतं. गावात त्यांना नर आणि मादी म्हणतात. तुम्ही सज्जात उभे, समोर पाण्याचा पडदा, कानात बोललेलं ऐकू येणार नाही इतका आवाज, आणि पायाखालचा दगड कोरडा. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी धरणाचं गणित मांडताना राजाने बसून पाणी बघावं याचंही गणित मांडलं. पाण्याशी एवढी सलगी असलेला प्रदेश आपण तहानेचं चित्र म्हणून ओळखतो.

नळदुर्ग एकटा नाही. बीड शहराबाहेर महामार्गाजवळ खजाना विहीर आहे, सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीत बांधलेली. जमिनीखालच्या भुयारी वाटांनी पाणी विहिरीत येतं आणि तशाच वाटेने पुढे शेतीकडे जातं. दुष्काळात तिचं पाणी हटत नाही अशी तिची ख्याती. बीडमध्येच कंकालेश्वराचं देऊळ तळ्याच्या मधोमध उभं आहे. परभणी जिल्ह्यात चारठाण्याची बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे आणि सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव तर चक्राकार: पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात, वरून पाहिलं तर शिंपल्याच्या आतली वळणं. कित्येक वर्षं ती गाळाने भरलेली होती; गावकऱ्यांनीच श्रमदान करून मोकळी केली. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की सगळे पाहतात, पण ती ज्या परंपरेतली आहे ती मलिक अंबरची. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेल्या शहराला त्याने डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीने आणून दिलं. हबशी गुलाम म्हणून या देशात आलेला हा माणूस मराठवाड्यातला थोर पाणीतज्ज्ञ होता. आपल्या शालेय पुस्तकांत तो गनिमी काव्यापुरता येतो.

हे सगळं पाहून मनात पहिली गोष्ट येते ती अशी की कमी पावसाच्या प्रदेशाने पाणी सांभाळायची विद्या कमावली होती, आणि ती विद्या इथे अजून दगडात उभी आहे. उपाय बाहेरून टँकरने आणि रेल्वेनेच येतो असं ज्यांना वाटतं त्यांनी ही बांधकामं एकदा पाहावीत.

मग ती कुणी पाहत का नाही? एक कारण साधं आहे: मराठवाडा कुठल्याच वाटेवर लागत नाही. कोकणात जाताना कोल्हापूर लागतं, गोव्याला जाताना सावंतवाडी लागते. बीडला मुद्दाम जावं लागतं. बीड शहराला रेल्वे मिळाली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाला मंजुरी होती १९९५ची. तीस वर्षं. निजामाच्या राज्यातून १९४८च्या सप्टेंबरात सुटलेला प्रदेश १९५६मध्ये मुंबई राज्यात आला तो न्याय्य वाट्याच्या आश्वासनांवर, आणि त्या वाट्यावर तिकडची माणसं अजून बोलतात. आपण मात्र ‘ते सारखं रडत असतात’ म्हणून मोकळे होतो.

दुसरं कारण अजिंठा-वेरूळ. १९८३मध्ये दोन्ही जागतिक वारसा यादीत गेले आणि तेव्हापासून मराठवाड्याचं पर्यटन म्हणजे एका शहरात उतरून दोन दिवसांत परत येणं. लेणी अपूर्व आहेत, त्यात वाद नाही. पण वेरूळ पाहून आलेला माणूस ‘मी मराठवाडा पाहिला’ असं म्हणतही नाही. तो ‘अजिंठा-वेरूळ केलं’ म्हणतो. जे चांगलं आहे ते मराठवाड्याच्या खात्यात जमाच होत नाही. तुळजाभवानी अख्ख्या महाराष्ट्राची, वेरूळ जगाचं, परळीचा वैजनाथ भारताचा. मराठवाड्याच्या नावावर फक्त दुष्काळ.

तेरचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी हे गाव. बहुतेकांना ते गोरोबाकाकांचं म्हणून माहीत असतं, तेही माहीत असलं तर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक सागरी प्रवासवर्णनात दख्खनची दोन मोठी बाजारगावं सांगितली आहेत, पैठण आणि तगर. तगर म्हणजे हेच तेर. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं आणि तिथून समुद्रापार. गावाच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीतून, वर येणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच गृहस्थांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या. त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय आज तिथे आहे. त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, वीतभरही नसेल. केसांची गुंफण, कमरेवरचा मेखलेचा भार, पाठीवर रुळणारी वेणी, सगळं नखाएवढ्या जागेत कोरलेलं. अशाच घडणीची मूर्ती इटलीतल्या पाँपेईच्या राखेत सापडली, आणि पाँपेई गाडलं गेलं ते इसवी सन ७९ साली. जवळच त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ आहे, मुळात चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या, घाटाचं. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. सांगून पटत नाही, पाहिल्यावर पटतं.

मी गेलो तेव्हा देवळाच्या पारावर बसलेल्या आजोबांनी विचारलं, “कुठले म्हणायचे?” पुण्याचा म्हटल्यावर ते जरा थांबले. “पुण्याचे? मग आत्ताच कसं काय आलाव? तुमच्याकडचे लोक उन्हाळ्यात येतेत, घागरी मोजतेत अन् जातेत.” आणि हसून नातवाला चहा सांगितला. त्या हसण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, निदान उत्तर तरी देता आलं असतं.

गंमत अशी की बाहेरच्यांना मराठवाडा आपल्यापेक्षा बरा माहीत असतो. अमृतसरच्या कुठल्याही घरात नांदेड हे नाव श्रद्धेनं घेतलं जातं. १७०८मध्ये गुरू गोविंदसिंगांनी तिथे देह ठेवला आणि गुरुपद ग्रंथसाहिबाला दिलं. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक नांदेडला आहे. अमृतसरहून नांदेडला थेट गाडी येते. गोदाकाठच्या त्या गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीला पंजाबी आजीबाई, तेलंगणातले यात्रेकरू आणि हदगावचे शेतकरी मांडीला मांडी लावून बसलेले असतात. पुण्या-मुंबईचे त्या मानाने कमीच.

खाण्याबद्दल थोडक्यात सांगतो, नाहीतर लेख तिकडेच वळेल. डिसेंबर-जानेवारीत शाळू निसवून भरलेला असतो आणि शेताशेतात हुरड्याच्या आगट्या लागतात. तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, येसराची आमटी, काळ्या मसाल्याचं मटण. तुळजापूर-लातूर रस्त्यावर उजनीची बासुंदी, भूमच्या बाजूला कुंथलगिरीचा पेढा, बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं, संभाजीनगरच्या जुन्या शहरात नान-खलिया. यांतली बहुतेक चव पुण्यातल्या ‘अस्सल महाराष्ट्रीय थाळी’त सापडणार नाही. त्या थाळीचा महाराष्ट्र अहिल्यानगरला संपतो.

आता एक सावधगिरी, मराठवाड्याची बाजू घेणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी. दुष्काळाच्या शिक्क्याला उत्तर म्हणून हमखास ‘संतांची भूमी’ पुढे केली जाते. यादी मोठी आहे खरी: अंबाजोगाईचे मुकुंदराज, आपेगावचे ज्ञानेश्वर, नरसीचे नामदेव, गंगाखेडची जनाबाई, पैठणचे एकनाथ, जांबचे रामदास. मराठी वाङ्मयाचा पाया बहुतांशी गोदेच्या खोऱ्यात रचला गेला. पण ‘संतांची भूमी’ हाही शिक्काच आहे, फक्त आदराचा. तो म्हणतो, तुमचं जे मोठं होतं ते सातशे वर्षांपूर्वी झालं. त्यापेक्षा अंबाजोगाईला जाऊन दासोपंतांची पासोडी पाहावी. वीस-पंचवीस हात लांबीचं कापड, आणि त्यावर सोळाव्या शतकातल्या एका माणसाने पंचीकरणासारखा (पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी बनते याचा) अवघड विषय तक्ते-आकृत्या काढून समजावून सांगितलेला. ते कापड नमस्कार करण्यापेक्षा वाचण्यासारखं आहे. शिवाय याच मातीत वली दख्खनी आणि सिराज औरंगाबादी हे उर्दूचे मोठे शायर झाले, त्यांना ‘संतांची भूमी’ या चौकटीत जागाच नाही.

शिक्क्याची किंमत काय, असं कुणी विचारेल. एखाद्या प्रदेशाबद्दल लोकांचा समज चुकीचा असला तर बिघडतं काय? बिघडतं. सरकारी नोकरीत मराठवाड्यातली बदली शिक्षेसारखी घेतली जाते. डॉक्टर, अभियंता, तहसीलदार रुजू व्हायच्या आधीच परतीच्या अर्जाची भाषा करतात. जो अधिकारी पहिल्या दिवसापासून निघायच्या तयारीत असतो त्याच्या हातून काय उभं राहणार? पुण्यात शिकायला आलेली लातूर-नांदेडची पोरं ‘करलालो’, ‘जायलो’ तोंडातून निघू नये म्हणून जीभ सांभाळत बोलतात, कारण वर्गात हशा होतो. याच लातूरच्या शिकवण्यांकडे मुलं पाठवायला मात्र राज्यभरातले पालक तयार असतात. आणि पश्चिम महाराष्ट्राची साखर ज्यांच्या कोयत्यावर निघते ते तोडकरी बहुतांशी बीडकडचे. दर हंगामात ते फडावर येतात, पाचटाच्या खोपीत राहतात, आणि त्यांच्यामुळे बीड म्हणजे गरिबी हा समज अजून घट्ट होतो. त्यांच्या घामावर कोण श्रीमंत झालं हा प्रश्न त्या समजात बसत नाही.

२०२४च्या डिसेंबरात केज तालुक्यातल्या एका सरपंचाचा अमानुष खून झाला. त्यानंतर ‘बीडचा बिहार झालाय’ हे वाक्य विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत ऐकू आलं. गुन्हा भयानक होता आणि त्याच्यामागच्या दहशतीबद्दल बोलायलाच हवं होतं. सगळ्यात धाडसाने बोलले ते बीडचेच लोक, रस्त्यावर उतरून. पण ते वाक्य बघा. एका वाक्यात दोन प्रदेश बदनाम, आणि बोलणाऱ्याला दोन्हीकडे कधी जायची गरज पडलेली नाही. पुण्यात कोयता गँग निघाली तेव्हा ‘पुण्याचा बीड झाला’ असं म्हणणारे होते. ‘पुणं पुण्यासारखंच वागतंय’ असं कुणी म्हटलं नाही.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. तुम्ही हिवाळ्यात जाणार, हुरडा खाणार, पाणीमहालाचे फोटो काढणार आणि ‘किती सुंदर आहे हो’ म्हणत परतणार. ज्याच्या घरात आत्महत्या झाली आहे त्याला या सौंदर्याचं काय? २०२५च्या सप्टेंबरात भूम-परांडा भागात पुराने जमिनीच खरवडून नेल्या, गोठ्यात बांधलेली जनावरं वाहून गेली. तिथे जाऊन रसिकता कसली दाखवता?

आक्षेप बरोबर आहे, पण तो निम्म्यावर थांबतो. संकटाच्या काळात येणारा माणूस मदत देतो आणि जातो. त्याच्या मनात घेणारा आणि देणारा ही पायरी पक्की होते. चांगल्या दिवसांत येणारा माणूस पैसे देऊन जेवतो, राहतो, वस्तू घेतो, वाट विचारतो, चुकतो, परत विचारतो. तिथे देणारा मराठवाडी असतो. कुणाचं दुःख समजायचं तर त्याचं सुखही आधी माहीत असावं लागतं. नळदुर्गचा भरलेला जलाशय ज्याने पाहिला आहे त्याला कोरडा जलाशय पाहून दया येण्याऐवजी प्रश्न पडेल, की हे पाणी गेलं कुठे. सरकारला अडचण या दुसऱ्या माणसाची होते. दयेचं पॅकेज जाहीर करता येतं, प्रश्नाचं करता येत नाही.

पर्यटनाने दुष्काळ हटेल असंही मी म्हणत नाही. चार हॉटेलांनी आणि होम-स्टेंनी शेतीचं अर्थकारण बदलत नसतं. उलट अविचारी पर्यटन इथे लवकर नुकसान करील. पाणीमहालाच्या पायऱ्यांवर आजही वेफर्सची पाकिटं पडलेली दिसतात, आणि बारवांच्या पाण्यात प्लास्टिक. शिवाय अडचणीही खऱ्या आहेत. बारवेपर्यंत नेणारा फलक नसतो. बाईमाणसाला सोबत नेलं तर स्वच्छतागृह कुठे, हा प्रश्न दिवसभर पुरतो. माहिती सांगणारा माणूस भेटला तर नशीब. परभणीत याबद्दल कुरकुर केली तर समोरून ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं उत्तर मिळतं आणि विषय हसण्यावारी जातो. तिथल्या माणसांनी स्वतःवर हसून घ्यायची कला पूर्ण आत्मसात केली आहे. बाहेरच्यांनी मात्र तेवढ्यावर सुटका करून घेऊ नये.

करायच्या गोष्टी लहान आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या शाळांच्या सहली वर्षानुवर्षं त्याच गडावर, त्याच समुद्रावर आणि अलीकडे त्याच वॉटरपार्कला जातात. शाळेत पोरांना सातवाहन शिकवायचे आणि पैठण-तेर दाखवायचं नाही, मलिक अंबर शिकवायचा आणि त्याची नहर दाखवायची नाही, हे विचित्र आहे. तुळजापूरला दरवर्षी लाखो माणसं येतात, दर्शन घेतात आणि आल्या वाटेने परत जातात. तिथून नळदुर्ग तासाभराच्या अंतरावर, तेरही फार लांब नाही. सप्टेंबर ते जानेवारी या काळात शनिवार-रविवारी तुळजापूर बसस्थानकावरून या दोन ठिकाणांची फेरी एसटीने सुरू करावी, आणि देवस्थानाच्या दर्शनरांगेत तिचं वेळापत्रक लावावं.